आधी पाणी

“...गुरुजींनी त्याला पाजली, स्वतःही प्यायले, आणि मग तो पोरगा रडत रडत...”

तोफूवाल्या बाईने मला पाहिलं आणि पुढचं गिळलं.

तिला वाटलं, मला काही ठाऊक नाही. त्या दुपारी मी देवळाच्या कुंपणापाशीच होते. भोपळ्याचा वेल सावरत होते, म्हणा हवं तर.

आमच्या कागोशिमात रताळ्याची दारू गाळतात. तिला शोचू म्हणतात. शेजारच्या देवळातले गेन्शो गुरुजी भिक्षू होण्याआधी तात्सुओच्या वडिलांच्या भट्टीवर शोचू गाळायचे. वडील गेले, तसा तात्सुओ तोक्योहून आला. तिथे मोठ्या हॉटेलात तो पाहुण्यांना परदेशी वाइन निवडून देतो. भट्टी मोडायला दुसऱ्या दिवशी माणसं यायची होती.

“मोडू की ठेवू, एवढंच सांगा,” तो देवळात येऊन गुरुजींना म्हणाला.

“बापाच्या हातची कधी प्यायलास?”

“वास सहन होत नाही. शाळेत पोरं मला रताळ्या म्हणायची. बाबा न्यायला आले, की मी पुढे पुढे चालायचो. कोटालासुद्धा तोच वास.”

गुरुजींनी त्याच्या वडिलांच्या शोचूची बाटली त्याच्याकडे सरकवली. शेगडीवर किटली होतीच.

तात्सुओने पेल्यात शोचू ओतली, वर गरम पाणी घातलं, चमच्याने ढवळलं. नाकाशी नेलं.

“रांगडी आहे. तोल नाही हिला.”

गुरुजींनी पेला घेतला आणि अंगणात रिकामा केला. इथे अंगणभर ज्वालामुखीची राख साचते, तिच्यावर काळा डाग पडला.

“पुन्हा.”

त्याने पुन्हा तसंच केलं. पुन्हा अंगणात.

“गुरुजी, माझं कामच हे आहे. माझ्या जिभेवर लोक...”

“फुसाबाई,” गुरुजी मागे न बघता म्हणाले, “मान अवघडेल. आत या.”

मी गेले. काय करणार.

“आधी पाणी,” गुरुजी त्याला म्हणाले.

त्याने आधी गरम पाणी ओतलं. त्यावर हळूच शोचू. चमच्याकडे हात नेला, तर गुरुजींनी चमचा उचलून माझ्या हातात दिला.

“मग ढवळणार कोण?”

“थांब.”

...

पेल्यात काहीतरी हललं. वरचं खाली गेलं, खालचं वर आलं. वाफेला भाजलेल्या रताळ्याचा गोडसर वास होता.

तात्सुओने एक घोट घेतला. बराच वेळ गिळलाच नाही.

“बाबांचा कोट,” तो म्हणाला.

आणि रडला. तेवढं तोफूवालीचं खरं. मी चमचा घट्ट धरून बसून राहिले.

त्याने तो पेला संपवला. मग म्हणाला, “उद्याच्या माणसांना नको म्हणून सांगतो. पण मला गाळता येत नाही. तुम्ही शिकवाल?”

गुरुजींनी आपला पेला तोंडाला लावला.

मघापासून तेही घोट घेत होते. कुंपणापलीकडून कोणालाही दारूच वाटली असती, मलाही वाटली होती. आता जवळून पाहिलं. नुसतं गरम पाणी.

तात्सुओने दोन्ही हातांनी बाटली धरली.

“तुम्हाला ओतू, गुरुजी?”

गुरुजींनी पेल्यावर तळहात ठेवला.

“थांब. पाण्याची चव अजून कळायची आहे.”