आम्ही बघतो ना

फार पूर्वी, म्हणजे माणसं आजच्याइतकीच बेअक्कल होती तेव्हा, एका डोंगराच्या उतारावर दोन वाड्या होत्या. एक वरची, एक खालची. मध्ये हिरवंगार कुरण. ते कुणाचं, यावरून भांडण. आधी शिव्या झाल्या, मग दगड झाले, मग गंजी पेटल्या, मग माणसांची डोकी फुटली.

आजूबाजूच्या मोठ्या गावांना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. पण त्यांच्या बाजाराच्या गाड्या त्याच वाटेनं जायच्या. गाड्या अडकल्या तशी त्यांना दया आली. सगळ्या गावांचे पाटील एका वडाखाली जमले, पोटभर जेवले आणि ठरलं, की प्रत्येक गावानं एकेक धट्टाकट्टा माणूस द्यायचा. त्यांनी पांढरी मुंडाशी बांधून दोन वाड्यांच्या मध्ये उभं राहायचं. हे राखणदार. त्यांच्यावर एक नाईक नेमला.

राखणदारांना काठ्या दिल्या आणि अट घातली. काठी टेकवायची, उगारायची नाही. उगारायची वेळ आलीच तर सगळ्या गावांना विचारायचं, आणि सगळी हो म्हणाली तरच उगारायची. म्हणजे काठी दिली ती नुसता भार वाहायला.

त्या राखणदारांत एक पैलवान होता. मनानं सरळ, अंगानं दांडगा. उधळलेला बैल शिंगाला धरून थांबवायचा. त्याला खालच्या वाडीच्या वेशीवर उभं केलं.

मग हुकूम निघाला. आता राखणदार आलेत, तर दोन्ही वाड्यांनी कोयते, गोफणी आणि राखणीची कुत्री जमा करावीत. वरच्या वाडीनं मोडके कोयते आणि दात पडलेली कुत्री दिली, बाकीचं गवतात लपवलं. खालच्या वाडीनं होतं नव्हतं ते आणून दिलं. भोळी माणसं.

एक मेंढरं राखणारी बाई तेवढी अडून बसली. नवरा त्याच भांडणात गेलेला, पदरात लहान लेक, आणि दारात दोन कुत्री, लांडग्यालाही न भिणारी.

“पैलवान, कुत्री दिली तर राखायचं कुणी?” ती म्हणाली.

“मावशी, आम्ही कशाला आलोय? आम्ही बघतो ना.”

“बघतो म्हणजे?”

“बघतो म्हणजे बघतो. निर्धास्त राहा.”

“माझी कुत्री बघत नाहीत, बाबा. चावतात.”

पैलवान हसला. “माझ्याकडं बघून कुणाची पुढं यायची छाती आहे का, तू सांग.”

बाईनं त्याच्या दंडांकडं पाहिलं. खरंच, छाती कुणाची होणार? तिनं दोन्ही कुत्री त्याच्या हवाली केली. ती लांबच्या एका गावात नेऊन बांधली.

दिवस बरे गेले. बाई पैलवानाला भाकरी द्यायची, वर ताक. लेक त्याच्या दंडाला लोंबकळून झोके घ्यायची. त्यालाही वाटायला लागलं, की आपल्यामुळंच ही वाडी सुखानं झोपते. तेही खरंच होतं. झोपली होती बिचारी.

आणि एक दिवस भर दुपारी वरची वाडी कोयते घेऊन खाली उतरली.

पैलवान वाटेत आडवा उभा राहिला. त्याला पाहून ती माणसं थांबली. हे नीट ध्यानात घ्या, ती थांबली. त्यांच्या म्होरक्यानं विचारलं, “पैलवान, काठी उगारतोस का टेकवतोस, तेवढं सांग. उगारणार असशील तर आम्ही माघारी जातो. तुझ्याशी आमचं वैर नाही.”

पैलवानानं मागं उभ्या नाईकाकडं वळून पाहिलं. “नाईक, उगारू का?”

“विचारायला माणूस पाठवलाय.”

“तोवर?”

“तोवर बघ.”

पैलवानाचे दंड फुरफुरत होते. पण नाईकाचा शब्द मोडला तर गावात तोंड कसं दाखवायचं, असं त्याच्या मनात आलं. तेवढ्यानंच घात झाला. त्यानं काठी जमिनीला टेकवली.

ती माणसं त्याच्या दोन्ही बाजूंनी पुढं गेली. एक जण तर जाताना “राम राम पैलवान” म्हणाला.

बाई खोपटाच्या दारात आडवी उभी होती. हातात काही नव्हतं. तिनं पैलवानाला हाक मारली, “अरे, नुसता बघतोस काय?”

तो बघत होता. बाई दारातच पडली. लेक आत होती. मग खोपट पेटलं, मग सगळी वाडी.

इकडं निरोप गावोगाव फिरत होता. एक गाव हो म्हणालं. एक म्हणालं, विचार करू. एका पाटलाची लेक वरच्या वाडीत दिलेली, त्याला त्या दिवशी कमीच ऐकू येत होतं. सगळ्यांचा होकार येऊन पोचला तेव्हा राख गार झाली होती. निरोप असा होता, की काठी उगारायला हरकत नाही.

पुन्हा वडाखाली बैठक झाली, पुन्हा जेवण झालं. पैलवानानं जे घडलं ते सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. थोरला पाटील म्हणाला, “शाबास. बरोबर बघितलंस. आपल्या एकाही माणसाला ओरखडा आला नाही.” प्रत्येक राखणदाराला शेला दिला. बाजाराच्या गाड्या सुरू झाल्या. भांडण मिटलं, कारण भांडायला एकच वाडी उरली होती.

पैलवान त्या लांबच्या गावी कुत्री सोडवायला गेला. एक खंगून मेलं होतं. दुसऱ्याला घेऊन तो खालच्या वाडीत आला. कुत्र्यानं जळक्या खोपटाभोवती वास घेतला आणि जिथं दार होतं तिथं बसलं.

“चल माझ्या घरी,” पैलवान म्हणाला. “तुझं मी...”

पुढचा शब्द त्याच्या तोंडातून फुटेना.

त्यानं उंबऱ्याकडं पाऊल टाकलं तसं कुत्रं दात विचकून उठलं. आत राखण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यानं पैलवानाला आत येऊ दिलं नाही. पैलवान शेला तिथंच टाकून निघून गेला. त्यानं काय होतंय?

तात्पर्य: जी काठी उगारायची नाही, ती दुसऱ्याच्या दारात टेकवू नये. त्यापेक्षा दार उघडं बरं. निदान घरचं कुत्रं तरी जागेवर राहतं.