मनोहरच्या तोंडून

"दाराआड काय चालतं, ते विचारायचं नाही."

"का नाही?"

"हे पण विचारायचं नाही, डिकरी."

सोराबकाकांनी मला हा नियम सांगितला तेव्हा मी शाळेत होते. ते पारशी, मला डिकरी म्हणायचे, म्हणजे पोरी. ते दाराबाहेर पहाऱ्यावर उभे होते, हातात उघडी तलवार. माझे बाबा नुकतेच आत गेले होते.

कॅम्पातल्या त्या पांढऱ्या इमारतीला गाव जादूघर म्हणतं. आत जादूबिदू काही नाही. फ्रीमेसन लोकांचं लॉज आहे. एकमेकांना ब्रदर म्हणणारे पुरुष तिथे जमतात, गवंड्याचा काटकोनी गुण्या आणि ओळंबा समोर ठेवतात आणि माणसानं सरळ कसं वागावं ते शिकतात.

बायकांना आत जागा नाही.

मी मोठी झाले, तत्त्वज्ञान घेऊन एम.ए. झाले. नियम तोच राहिला. दारावर सोराबकाकाही तेच राहिले. फक्त तलवार आता काठीसारखी टेकवायला लागले.

यंदा बाबा गेले.

त्या लॉजची एक रीत आहे. ब्रदर वारला की त्याच्या रिकाम्या खुर्चीसमोर स्मरणपाठ म्हणतात. तो कुठेही लिहिलेला नाही. लिहायचाच नाही. एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या कानात जायचा. आणि म्हणणाऱ्यानं पहिल्याच ओळीत सांगायचं, आपण तो कुणाकडून ऐकला. तिथे काका नाही, साहेब नाही. नुसतं नाव.

बाबांनी तो सोराबकाकांकडून घेतला होता. काकांना आता तो येत नाही, वयानं पुसला. बाबांनी आपल्यामागे डॉक्टर पेंढारकरांना निवडलं होतं. डॉक्टर थोडे दिवस घरी येऊन शिकले. मग बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि डॉक्टर यायचे थांबले.

मी कुठे जाणार होते?

झटक्यानं बाबांचे शब्द नेले. मीठ म्हणता येईना, खिडकी म्हणता येईना. माझं नावही गेलं. माझ्याकडे बघून हात हलवायचे, "ए... ए..."

पाठ मात्र शाबूत होता.

उशीला टेकून ते म्हणायचे, मी मागून म्हणायची. चुकलं की पलंगाच्या कठड्यावर थाप. एकदा मी सुरुवात केली, "मी हा पाठ बाबांच्या तोंडून ऐकला..."

थाप.

"मनोहर," ते म्हणाले. स्वतःचं नाव तेवढं उरलं होतं.

मी म्हटलं, "मी हा पाठ मनोहरच्या तोंडून ऐकला."

त्यांनी मान हलवली. पुढे.

बाबांच्या स्मरणाची सभा रविवारी दुपारी होती. मला बोलावणं होतं. म्हणजे व्हरांड्यात, वेताच्या खुर्चीत, बिस्किटांच्या बशीशेजारी.

दार लागलं. सोराबकाका तलवार घेऊन बाहेर उभे राहिले. दाराच्या वरच्या जाळीतून डॉक्टरांचा आवाज आला.

"मी हा पाठ मनोहरच्या तोंडून ऐकला. दगड घडवणारा गेला. दगड अजून उन्हात आहे. ज्यानं... ज्यानं..."

आवाज थांबला.

मी वाट पाहिली. सोराबकाकांनी डोळे मिटले.

"ज्यानं..."

माझ्या तोंडून निघूनच गेलं. मोठ्यानं. "ज्यानं छिन्नी उचलली त्यानं सावली मागू नये!"

आत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. डॉक्टरांनी माझी ओळ उचलली, म्हटली, आणि पुन्हा अडकले.

या वेळी मी तोंड उघडलं नाही. चहाचा घोट घेतला.

दार उघडलं. आधी कर्नल निंबाळकर बाहेर आले. ते यंदाचे मास्टर, म्हणजे लॉजचे प्रमुख. गळ्यातल्या निळ्या पट्ट्याला चांदीचा छोटा गुण्या लोंबत होता. मागून डॉक्टर, घाम पुसत.

"हे कोण बोललं?"

"बिस्किटं बोलली," मी म्हटलं.

"ऋता, थट्टा नको. तुला पाठ कुणी शिकवला?"

"मनोहरनं."

"वडलांना असं म्हणतात?"

"तुमच्याच पाठात म्हणतात."

कर्नल सोराबकाकांकडे वळले. काका जमिनीकडे बघत होते.

"मनोहररावांना शेवटी भान नव्हतं," कर्नल म्हणाले. "नाहीतर त्यांनी असं केलं नसतं."

"माझी चूक झाली की थाप मारण्याइतकं होतं."

"ते नियमाबाहेर झालं, पोरी."

"नियमातले डॉक्टर आलेच नाहीत. बाबांनी काय करायचं? भिंतीला सांगायचं?"

"ओपीडी असायची गं," डॉक्टर पुटपुटले. "आणि मला त्यांना तसं बघवत नव्हतं."

"मला बघवत होतं?"

डॉक्टरांनी रुमाल खिशात घातला, पुन्हा बाहेर काढला.

कर्नलनी आवाज खाली आणला. माणसाला काही हवं असलं की आणतो तसा. "झालं ते झालं. आपण असं करू. तू इथेच, व्हरांड्यात, डॉक्टरांना पुढचं सांग. ते पाठ करतील, आत जाऊन म्हणतील. सगळं व्यवस्थित होईल. पुढचं कुठून आलं ते आतल्यांना कळायचं कारण नाही."

"आणि पहिली ओळ?"

"ती आहेच की. मनोहरच्या तोंडून."

"उरलेला पाठ यांनी मनोहरच्या तोंडून ऐकलेला नाही."

"अगं, मनोहररावांचाच ना पाठ?"

"मग मनोहररावांनी सोराबकाकांचं नाव का घ्यायचं? काकांनी त्यांच्या आधीच्याचं का? प्रत्येकानं मधला माणूस गाळायला काय हरकत होती?"

"तू कॉलेजात बोलतेस तसं बोलू नकोस."

"बरं. साधं सांगते. यांनी म्हणायचं, मी हा पाठ ऋताच्या तोंडून ऐकला."

डॉक्टरांना खोकला आला. कर्नल हसले, पण ते हसू फार टिकलं नाही.

"आत? बाईचं नाव?"

"नाव किती जागा अडवतं, कर्नलसाहेब? मी येत नाहीये. नुसतं नाव येईल. एका ओळीत बसेल आणि निघून जाईल."

"आजवर झालेलं नाही."

"आजवर पाठ बाईकडे आला नव्हता."

"नियम म्हणजे नियम!"

मी उठले. त्यांच्या गळ्यातला गुण्या हातात घेतला. ते इतके चकित झाले की मागे सरायचंही विसरले.

"हा कशासाठी घालता?"

"सरळपणाची खूण आहे ती. सोड."

"आणि आत जाऊन वडलांच्या खुर्चीसमोर खोटं नाव घ्यायचं, हे कुठल्या कोनात बसतं?"

मी गुण्या सोडला. तो त्यांच्या कोटाच्या बटणावर आपटला.

...

मग सोराबकाका बोलले. इतका वेळ ते तलवार टेकून नुसते ऐकत होते.

"डिकरी, इकडे ये."

मी गेले. त्यांनी तलवारीच्या टोकानं दार थोडं ढकललं. सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा मला आतलं दिसलं. काळ्यापांढऱ्या चौकटींची फरशी. फरशीपलीकडे एक खुर्ची. खुर्चीवर बाबांचा सभेत बांधायचा पांढरा एप्रन, घडी घातलेला. घडी मीच घातली होती. इस्त्रीही मीच केली होती.

"आज पाठ पुरा झाला नाही तर मनोहरचं स्मरण अर्धं राहील," काका म्हणाले. "असं या लॉजमध्ये कधी झालं नाही. तुझा बाप आहे तो. त्याला असं ठेवणार?"



पाठ माझ्या जिभेवर होता. सगळा. छिन्नीनंतरची ओळ, तिच्या पुढची, शेवटी दारं उघडतात ती. डॉक्टर माझ्या तोंडाकडे बघत होते, तहानलेल्यासारखे. मी सांगितलं असतं तर चहा निवायच्या आत सभा पार पडली असती. बाबांची खुर्ची मोकळी झाली असती. सगळ्यांनी मला गुणाची पोर म्हटलं असतं.

"काका, तुम्ही बाबांना हा पाठ दिलात. त्यांनी कधी तुमचं नाव गाळलं?"

"कधीच नाही."

"शेवटच्या आठवड्यातही नाही. त्यांना पाणी म्हणता येत नव्हतं. सोराब म्हणता येत होतं."



"सांगा ना तिला, सोराबजी," कर्नल म्हणाले. "तुमचं ऐकेल ती."

काकांनी दार तसंच उघडं धरलं.

"नाही सांगणार," मी म्हटलं. "नावासकट न्यायचा असेल तर आत्ता न्या. नाहीतर खुर्ची अर्ध्यावर राहू दे. तिला खोटं ऐकवण्यापेक्षा ते बरं."

"एवढा हट्ट?" कर्नलचा आवाज चढला. "एका नावासाठी?"

मी दाराच्या फटीतून एप्रनकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे.

"बाबांना माझं नाव आठवत नव्हतं, कर्नलसाहेब. पण ते आजारी होते."

...

मी वेताच्या खुर्चीत परत जाऊन बसले; काकांनी दार लावलं नाही.