कोल्ह्याच्या नव्या कोऱ्या पाट्या

एका माळावर करवंदीच्या जाळीआड सशांची शाळा भरत असे. लिहिणे-वाचणे तिथेही होतेच, पण खरा तास एकच, बिळाचा. रोज प्रार्थना झाली की सशीणबाई मागचा पाय जमिनीवर धाडकन आपटत, आणि सगळी पिल्ले एका अरुंद बिळात शिरून पलीकडच्या तोंडाने बाहेर पडत. ते बीळ इतके अरुंद होते, की कोल्ह्याचे डोके आत जात नसे. कंटाळा आला तरी हा तास कुणाला चुकत नसे.

एके दिवशी शाळेच्या दारात प्रत्यक्ष कोल्हाच येऊन उभा राहिला! बाईंनी पाय उचललाच होता, पण कोल्ह्याने लांबूनच हात जोडले. "घाबरू नका बाई. मी आता शाकाहारी झालोय, गरम गोड गोळे विकायची गाडी टाकली आहे. पिल्लांसाठी पाट्या आणल्यात, अगदी फुकट." प्रत्येक पाटीच्या कोपऱ्यात एक लालचुटुक गोळा रंगवलेला होता. "मला काही नको हो! प्रार्थनेनंतर माझं एक छोटंसं गाणं तेवढं म्हणू द्या." आता मुलांनो, प्रार्थनेनंतर कशाचा तास असे, हे तुम्हांला ठाऊक आहे. बाईंनाही ठाऊक होते! पण शाळेच्या जुन्या पाट्या फुटल्या होत्या. "एवढ्याने काय जातंय?" बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून बिळाचा तास गेला आणि गाणे आले. 'डोळे मिटा, तोंड उघडा, गरम गोळा, गोड गोळा!' असे म्हणत पिल्ले रांगेत बसत आणि कोल्हा एकेकाच्या तोंडात तळून मधात घोळलेला गोळा टाकी. पिल्ले गुबगुबीत झाली. घरचा पाला त्यांना गिळवेना. एका आईने रागावून गोळे खायला मनाई केली, तर तिचे पिल्लू फुरंगटून म्हणाले, "शाळेत शिकवतात ते वाईट कसं असेल?" पण तिच्या मनात पाल चुकचुकली. तिने कोल्ह्यालाच गाठून विचारले, "तुम्ही नाही खात गोळे?" "मला पथ्य आहे, वहिनी," कोल्हा म्हणाला आणि तिच्या पिल्लाच्या पोटाकडे बघत राहिला. ती धावत बाईंकडे गेली, तर बाई म्हणाल्या, "तुम्ही भारीच शंकेखोर बाई!"

एका सकाळी कोल्हा गाडीशिवाय आला. बरोबर त्याचे दोन भाऊबंद होते. बाईंनी जीव खाऊन पाय आपटला. पिल्ले बिळाकडे धावली, पण पहिलेच पिल्लू तोंडाशी अडकले. ते त्याच आईचे होते! डबा द्यायला आलेली ती आई पलीकडून आत शिरली आणि त्याचे कान दातांत धरून ओढू लागली. "आई, पोट आत येत नाही गं!" पिल्लू किंचाळले. कोल्हा मात्र मुळीच धावत नव्हता. तो सावकाश चालत गाणे गुणगुणत होता. आणि काय सांगू, मुलांनो! काही पिल्ले करवंदीच्या काट्यांत घुसली, पण काहींनी ते गाणे ऐकताच थरथरत रांग धरली, डोळे मिटले आणि तोंडे उघडली.

आईने होता नव्हता तो जोर लावला. पिल्लाचे कान फाटले, पाठ सोलवटली, पण ते आत आले. संध्याकाळी बाईंनी हजेरी घेतली. चार नावांना कुणी 'हजर' म्हणाले नाही. बाई ती चार नावे पुन्हा पुन्हा घेत राहिल्या.

आठच दिवसांनी पलीकडच्या माळावर, दुसऱ्या एका शाळेच्या दारात, कोल्हा हात जोडून उभा होता. त्याच्या पाठीवर नव्या कोऱ्या पाट्यांचा गठ्ठा होता.

तात्पर्य : शाळेत भेटवस्तू घेऊन येणाऱ्याने काय आणले आहे हे पाहण्याआधी, त्याला मुलांकडून काय हवे आहे हे विचारावे.