दुकान मोडल्याची पाटी

फार पूर्वी एका पेठेच्या गावी पेट्या विकणारा एक दुकानदार होता. पेट्या म्हणजे कपडे ठेवायच्या नव्हेत हो, भाता हलवून वाजवायच्या. भजनाला लागतात त्या.

त्याने दुकानावर पाटी लावली होती, 'दुकान मोडले. शेवटची एकच पेटी उरली.' येणाऱ्याला वाटे, आज नाही घेतली तर गेली! घाईघाईने पेटी उचलून माणूस वेशीबाहेर पडला, की दुकानदार माळ्यावरून दुसरी खाली काढी. पाटी आपली तिथेच. चिमण्यांनी तिच्यामागे घरटंसुद्धा बांधलं.

पुढे त्याची लेक लग्नाची झाली. चांगलं स्थळ सांगून आलं. मुलाचा बाप परगावचा. गाडीतून उतरला, पाटी वाचली आणि तसाच परत गाडीत चढून बसला.

दुकानदार धावला. "अहो पाहुणे, असं दारातून परत जायचं?"

"दुकान मोडलंय तुमचं. उद्या तुमचाही संसार आम्हीच ओढायचा का?"

"छे हो! माळा भरलाय पेट्यांनी. ती पाटी गिऱ्हाइकांसाठी आहे."

"असं होय! आणि लेक गुणाची आहे म्हणून निरोप धाडलात, तो आमच्यासाठी वाटतं?"

गाडी गेली. गोष्ट गावोगाव झाली आणि त्या घरची मुलगी पाहायला कुणी येईना. लेकीने बापाशी अबोला धरला. तेव्हा कुठे त्याने पाटी उतरवून चुलीत घातली.

बऱ्याच दिवसांनी एक बाई आली. एका पेटीवर हात ठेवून म्हणाली, "कशी आहे हो ही?"

जुनं बोलणं जिभेवर आलं होतं. ते गिळून तो म्हणाला, "सूर गोड आहे. पण पावसाळ्यात पट्ट्या फुगतात, दाबल्या की वर येत नाहीत. कोरड्या जागी ठेवावी लागेल."

बाईने तीच पेटी घेतली. मग हळूच म्हणाली, "माझा मुलगा लग्नाचा आहे. तुमची लेक कशी आहे?"

दुकानदाराच्या मनात आलं, हेही स्थळ गेलं तर? तरी तो म्हणाला, "हाताला चव आहे. म्हाताऱ्या माणसांचं मायेनं करते. पण रागीट आहे, उलटून बोलते."

आत भांडं आदळलं. "बाबा! हे सांगायलाच हवं होतं का?"

बाईला हसू आवरेना. "दादा, हे सांगितलंत म्हणून तर हाताची चव खरी मानते मी. बोलवा तिला बाहेर."

यातून घ्यायचं तात्पर्य एवढंच: जो आपल्या मालाची खोट स्वतःच्या तोंडाने सांगतो, त्याने सांगितलेला गुण लोकांना खरा वाटतो.