कातळावरची ओळ

खूप जुनी गोष्ट, माणसाला अजून लिहिता येत नव्हतं तेव्हाची. एका रानात एक काळा कातळ होता. काय खावं, कुठलं पाणी प्यावं, हे त्यावर कोरलेलं असे आणि सगळं रान त्यावर डोळे मिटून विश्वास ठेवी. हा कातळ सांभाळायचं एक म्हातारं कासव.

कासवाची एक रीत होती. कुणी नवा शोध आणला की ते तो दोन जाणत्या प्राण्यांना सांगे, पण शोध कुणाचा ते सांगत नसे. त्यांच्या शंका घेऊन परत येई, पण शंका कुणाची तेही सांगत नसे. शंका फिटली तरच कातळावर ओळ उमटे.

एका उन्हाळ्यात रान करपलं. गवताची काडी उरली नाही. हरिणीची पाडसं उभ्या उभ्या लटपटू लागली. हरिणीचा जुना मित्र होता वानर. त्याला ते बघवेना. त्यानं सगळा डोंगर पालथा घातला आणि एका झाडावर लालचुटूक फळं शोधून काढली. रोज खाल्ली, ठणठणीत राहिला. मग ऐटीत कासवाकडे गेला.

"आजोबा, कोरायला घ्या. लाल फळ खावं, भूक भागते."

"विचारून येतो," म्हणत कासव निघालं. आता कासवाचं निघणं ते! वानराच्या जिवाची नुसती तगमग झाली.

एकदाचं कासव परतलं. "एकानं मान डोलावली. दुसरा विचारतो, फळ फांदीवरून तोडून खाल्लंय. ज्यांना झाडावर चढता येत नाही ते खाली पडलेलं खाणार. ते कुणी खाऊन पाहिलंय का?"

वानराच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "हे त्या अस्वलाचंच काम. माझं कौतुक बघवत नाही त्याला. नाव सांगा, बघतोच एकेकाला. इकडे पाडसं मरायला टेकलीत आणि यांना शंका सुचतात?"

"नाव मिळणार नाही. पाडसांची काळजी मलाही आहे, म्हणून तर कोरत नाही. शंका फोल असेल तर तसं दाखव. मी इथंच बसलोय."

वानर तणतणत झाडाखाली गेला. उन्हात आंबलेलं एक फळ त्यानं तोंडात टाकलं, मग आणखी एक. थोड्याच वेळात पोटात असा मुरडा उठला की गडी गडाबडा लोळू लागला. दणकट म्हणून वाचला. पण लोळता लोळता डोळ्यांपुढे पाडसं आली. हे फळ त्यांनी खाल्लं असतं तर?

पोट धरून तो कातळापाशी आला. "ओळ बदला आजोबा. लाल फळ फांदीवरचं खावं, पडून राहिलेल्याला तोंड लावू नये."

या खेपेला दोघांनीही मान डोलावली. ओळ कोरली गेली. वानर झाडावर चढून ताजी फळं खाली टाकू लागला, आणि पाडसं ती पडल्या पडल्या खाऊ लागली. सगळी जगली.

"आता तरी नाव सांगा," वानर म्हणाला. "पाय धरायचेत त्याचे."

कासव हसलं. "त्या दिवशी नाव नरडं धरायला हवं होतं, आज पाय धरायला हवंय. तेव्हा सांगितलं असतं, तर तू झाडाखाली गेला असतास की त्याच्या अंगावर?"

वानरानं कान पकडले. मग म्हणाला, "पुढचा शोध आला की माझ्याकडेही आणा. आणि माझंही नाव सांगू नका."

तात्पर्य : शंका कुणाची हे शोधू नये, शंका खरी की खोटी ते शोधावं.