पानावर थांबलेला माणूस

“तुमच्याकडे येणारे लोक काय काय विचारतात, तेवढं सांगा बाबा. उत्तरं लिहायला आमची माणसं आहेत.”

लतीफशा फकिराने चुलीत काटकी सारली. गावाबाहेरच्या त्याच्या तकियावर, त्या फकिरी मठीत, दिवसभर माणसं येत. कोणी दुखणं घेऊन, कोणी भांडण घेऊन.

विचारणारा मंदार खटावकर एका आरोग्याच्या वेबसाइटवर नोकरीला होता. लोक मोबाइलवर कोणते शब्द टाकून शोधतात ते हेरायचं आणि त्या शब्दांवर लेख लावायचे, हे त्याचं काम. वर्षभराच्या लेखांची यादी उद्या मालकांना द्यायची होती. तीनशे विषयांत चाळीस कमी पडत होते. यादी पुरी झाली की संपादकाची खुर्ची त्याची.

हल्ली ती अशीच मिळते.

“यादीत पहिलं काय आहे?” फकिराने विचारलं.

“‘भाजल्यावर काय करावे’. महिन्याला चाळीस हजार लोक शोधतात. आमचाच जुना लेख सगळ्यात वर, तोच पुन्हा लावायचा.”

“मग काय करावं?”

“थंड पाणी. लिहिलंय ना, शेवटी.”

“शेवटी का?”

मंदार हसला. “आधीच सांगितलं तर माणूस निघून जातो, बाबा. पानावर थांबला पाहिजे. तो जितका थांबेल तितकं आमचं पान वर.”

“असं...”

चहा उकळला होता.

“किटली उतरव. फडक्याने धर.”

मंदारचं लक्ष यादीत होतं. त्याने नुसत्या हाताने कडी धरली.

किटली कलंडली आणि उकळता चहा त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवर सांडला. तो माठाकडे झेपावला. फकिराचा हात त्याआधीच माठाच्या झाकणावर होता.

“थांब. तुझा लेख काढ.”

“बाबा, हात...”

“वाच.”

मंदारने डाव्या हाताने मोबाइल काढला.

“‘मित्रांनो, अग्नीचा शोध ही मानवी इतिहासातली...’” त्याने पान सरकवलं. “‘आपल्या त्वचेचे तीन थर असतात...’” पुन्हा सरकवलं. “‘चला तर मग, सविस्तर जाणून घेऊया...’”

मध्येच साबणाची जाहिरात आली. ती बंद करायची फुली सापडेना.

बोटं लालभडक झाली होती.

“पुढे,” फकीर म्हणाला.

मोबाइल चटईवर पडला.

“पाणी,” मंदार म्हणाला. “बाबा, पाणी.”

फकिराने झाकण काढलं. तांब्या भरून त्याच्या बोटांवर बारीक धार धरली. एक तांब्या संपला. दुसरा संपला. घाई कसलीच नव्हती.



यादीचा कागद मंदारच्या गुडघ्याशी भिजत होता. तो त्याने उचलला नाही.

तिसरा तांब्या भरताना फकिराने विचारलं, “आत्ता तुझ्या तोंडून जो शब्द निघाला, तो यादीत कितवा आहे?”