राजाधिराज आणि लिंबाचा पाला

माझी शाळा लवकर सुटली. ऱ्हस्वदीर्घ चुकलं तर सांभाळून घ्या. शब्दही साधेच आहेत. गोष्टीतल्या शिव्या मात्र लिहिलेल्या नाहीत, लिहायला लाज वाटते.

"आजपासून राज्यात शिवी बंद!" राजा हंबीरसेनाने फर्मान काढलं. धाकट्या राजपुत्राने पाहुण्या राजाला भर दरबारात एक अस्सल शिवी हासडली होती, आणि ती हत्तीखान्यातली हे सगळ्यांनी ओळखलं होतं. शिवी दिली की मूठभर कडुलिंबाचा पाला चघळायचा, अशी शिक्षा ठरली.

हत्तीखान्यात सटवा माहूत होता. माणूस लोण्यासारखा मऊ, बायकोशी बोलतानाही खाली बघणारा. पण तोंड उघडलं की पहिला शब्द शिवी! थोड्याच दिवसांत त्याने इतका पाला चघळला की दारातला लिंब बोडका झाला. बायको म्हणाली, "माझं राहू द्या धनी, झाडाची तरी दया करा."

सटवाचं एक वेळ निभलं असतं, पण हत्तीचं काय? पर्वत्याला सटवाच्या बापाने शिकवलं होतं, आणि बापाला दुसरी भाषा येत नव्हती. एका शिवीला पर्वत्या उठे, दुसरीला चाले, तिसरीला उजवीकडे वळे. 'ऊठ बाबा' म्हटलं की कान हलवून डोळे मिटून घेई.

दसरा आला. राजाने बजावलं, सीमोल्लंघनाला पर्वत्याच हवा. शिवी निघाली तर पाल्यावर भागणार नाही, हत्तीखाना सोडायचा. हत्ती हलला नाही तरी तेच. पर्वत्याशिवाय सटवाला जगात दुसरं काही येत नव्हतं.

राजा अंबारीत बसला. सटवाने पर्वत्याला गोंजारलं, विनवलं, हात जोडले. पर्वत्या ढिम्म! लोक फिदीफिदी हसू लागले. शिवी सटवाच्या दातांपर्यंत आली. तेवढ्यात भालदाराने राजाची ललकारी दिली, आणि सटवाच्या मनात आलं, हत्तीला अर्थ कुठे कळतो? तो ओळखतो माझा आवाज. त्याने डोळे मिटले आणि थेट शिवीच्या ठसक्यात गरजला, "राजाधिराज!"

पर्वत्या उठला.

"सिंहासनाधीश!" पर्वत्या चालू लागला. "प्रजापालक!" वेशीशी उजवीकडे वळला. लोकांना वाटलं जयजयकार. तेही ओरडू लागले.

सीमेवर राजा लालबुंद होऊन खाली उतरला. "शब्द माझेच, पण कानाला झोंबले. खरं सांग, शिवी दिलीस की नाही?"

सटवा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाला, "दिली असेल तर शिक्षा करा, महाराज. फक्त दवंडीत सांगावं लागेल, की आजपासून 'राजाधिराज' ही शिवी आहे."

राजा इतका हसला की शिरपेच कपाळावर घसरला. त्याने हातातलं सोन्याचं कडं सटवाला घातलं आणि हत्तीखाना कायमचा त्याच्या नावे केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सटवाच्या पायावर साखळदंड पडला. "प्रजापालक!" तो कळवळून ओरडला. मागे पर्वत्या गुमान उजवीकडे वळला.

आसपास कुणी नव्हतं. लिंबाला कुठेकुठे कोवळी पालवी फुटत होती. सटवाने लंगडत जाऊन दोन पानं तोडली आणि चघळत बसला. शब्द कसा निघाला होता, ते त्याला ठाऊक होतं.